एका दिवसाची कार्यशाळा: नाशकात खरंच काही शिकवणाऱ्या कुठल्या?

गोदाकाठची | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी हात पोळून घेतलेत, म्हणून हा धागा.

वय ५४. दोन वर्षांपूर्वी बँकेतून बाहेर पडले. मुलगी बंगळुरूला, नवऱ्याची नोकरी अजून चालू. सकाळचं आवरलं की अकरापासून पाचपर्यंत घर नुसतं अंगावर येतं. काहीतरी हाताने करावं असं फार वाटतं, पण वर्षभराचा क्लास लावायची छाती होत नाही. हार्मोनियमची फी भरून तिसऱ्या महिन्यात क्लास सोडलेली बाई आहे मी.

म्हणून 'एका दिवसात जलरंग' अशी जाहिरात बघून गेले. फी १८००, साहित्यासह. साहित्य म्हणजे बारा वड्यांची रंगपेटी, एक ब्रश आणि झेरॉक्सच्या कागदाहून जेमतेम जाड असे पाच कागद. आम्ही चाळीसेक जण. सर माईकवरून बोलणार, पडद्यावर त्यांचा हात दिसणार. माझ्या टेबलापर्यंत ते दिवसभरात एकदा आले, तेही पंखा कमी करायला. प्रमाणपत्रं जेवणाआधीच वाटून टाकली, कारण फोटोग्राफरला पुढे एका लग्नाचे फोटो काढायचे होते. माझ्या प्रमाणपत्रावर आडनाव भलतंच छापलेलं. शेवटचा पाऊण तास 'छंदातून उत्पन्न' या विषयावर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढच्या कोर्सबद्दल. माझं आकाश कागदासकट पापडासारखं वर आलं होतं ते कुणी बघितलंही नाही.

आयोजकांचं नाव विचारू नका, देणार नाही. प्रश्न एवढाच, की नाशकात मोठ्या माणसांना एका दिवसात काही खरं शिकवणारं कोणी आहे का? आणि मुळात एका दिवसात काय शिकता येतं?

---

खडूस_आत्या | शनिवार, रात्री ९.३२

एका दिवसात पुरणपोळी येत नाही, चित्रकला कुठली यायला.

---

रेखाटन | शनिवार, रात्री १०.०५

ताई, पापड तुमच्यामुळे नाही झाला. जलरंगाला जाड कागद लागतो, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असला तर उत्तम. पातळ कागद पाणी लागलं की फुगतो, खळगे पडतात, रंग त्या खळग्यांत जाऊन साचतो. मग माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. चांगल्या कागदाचा एक ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करा. तेवढे पुरतात.

दुसरं म्हणजे पांढरा रंग पेटीतच राहू द्या. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवता सोडलेला कागद. फिकटाकडून गडदाकडे जायचं, उलट येता येत नाही. हे एवढं नीट कळायला मला वर्ष लागलं. खरंतर चांगल्या मास्तरने हे पहिल्या तासात कागदावर करून दाखवायला हवं.

शिवाजी तुपे यांच्यासारखा जलरंगातला माणूस या गावात होऊन गेला. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, सकाळी बोर्ड मांडून बसणारे आजही दिसतात. त्यांच्या पाठीमागे गुपचूप दोन तास उभं राहा. फी नाही, प्रमाणपत्र नाही, आडनाव चुकायची भीती नाही.

---

सातपूरकर | शनिवार, रात्री ११.४८

सेकंड शिफ्टहून आत्ता आलो. प्रतिसाद वाचून बरं वाटलं, मला वाटायचं हे फक्त कॉलेज रोडवाल्यांचे चोचले.

मी क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. मागच्या पावसाळ्यात बायकोने मला जबरदस्तीने मातीकामाला नेलं. चाकावर माती धरली की आपण मापात काम करणारे वगैरे सगळं निघून जातं. गोळा जरा मध्यापासून सरकला की हात असा थरथरतो! पाच वेळा कोसळलं. सहाव्या वेळी वाटीसारखं काहीतरी उभं राहिलं. त्या दिवशी सहा तासांत मोबाइल खिशातून काढला नाही, हे बायकोने घरी येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

वाटी मात्र हातात मिळाली नाही. 'तीन आठवड्यांनी या' म्हणाले. तेव्हा वाटलं, हे काय, एका दिवसाचं म्हणून आलो ना?

---

चाकावरची | रविवार, सकाळी ७.२०

सातपूरकर, त्या तीन आठवड्यांचं कारण मीच सांगते. मी स्वतः घरामागच्या शेडमध्ये मातीकाम शिकवते. (जाहिरात करत नाही, ठिकाण विचारू नका.)

ओलं भांडं भट्टीत घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. एकटं फुटत नाही, शेजारच्यांनाही घेऊन फुटतं. म्हणून आधी सावलीत हळूहळू वाळवायचं. त्याला उन्हाळ्यात आठवडा, आणि श्रावणात मला दोन आठवडेही लागलेत. मग पहिली भाजणी, साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअस. मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, मग दुसरी भाजणी. भट्टी थंड व्हायलाच दिवस जातो, घाईने दार उघडलं तर तडे. यातलं एका दिवसात बसतं फक्त माती मळणं, हवा काढणं आणि घडवणं. 'सकाळी या, संध्याकाळी भांडं घेऊन जा' म्हणणारा कच्चं भांडं रंगवून देतो. त्यात पाणी घाला, दुसऱ्या दिवशी चिखल.

फीबद्दलही बोलते, कारण १८०० म्हटलं की लोक डोळे वटारतात. माझ्याकडे चार चाकं, म्हणून आठच माणसं घेते. अर्धे चाकावर, अर्धे हाताने अंगठ्याच्या वाट्या करतात, जेवणानंतर अदलाबदल. आठातले दोन हमखास आदल्या रात्री 'पाहुणे आलेत' असा मेसेज टाकतात. माती, वीज, भट्टी, मदतनीस बाई आणि चहा-नाश्ता वजा जाता दिवसाची मजुरी सुटते, एवढंच. चाळीस माणसं घेतली तर खूप सुटेल. पण मग मी पंखा कमी करायलाच फिरेन.

---

गोदाकाठची | रविवार, सकाळी ८.०२

पंखा!! 😄

---

दूरदेशी | रविवार, सकाळी ८.४५

मूळची नाशिकरोडची, सध्या न्यू जर्सीत. इथे बहुतेक काउंटींचं सरकारी कॉलेज असतं, तेच इथलं कम्युनिटी कॉलेज. पदवीची पहिली दोन वर्षं तिथे करता येतात. त्याशिवाय गावातल्या मोठ्या माणसांसाठी शनिवारचे एका दिवसाचे वर्ग असतात, परीक्षा नाही, गुण नाहीत. मी दोन केले: एक टोपलीविणकाम, एक मुलांसाठी गोष्टी लिहिण्याचा. पहिल्यात माझ्या शेजारी निवृत्त ट्रकड्रायव्हर होता, त्याची टोपली माझ्यापेक्षा सुबक झाली.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं माहितीपत्रक. जागा किती, आधी काही यायला हवं का, घरून काय आणायचं, कपडे खराब होतील का, संध्याकाळी हातात काय असेल. आणि लिखाणाच्या वर्गाखाली स्पष्ट लिहिलं होतं की इथे प्रकाशक मिळवून दिला जाणार नाही. शिकवणारी बाई आठवडाभर तेच काम करून पोट भरणारी होती, त्यामुळे बोलणं सगळं जमिनीवरचं.

नाशकात एवढी कॉलेजं, रविवारी वर्ग रिकामे. का होत नाही आपल्याकडे?

---

निवृत्त_पण_जागा | रविवार, सकाळी ९.३०

होत नाही असं नाही, रूप वेगळं आहे. आपलं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकातच आहे. ज्यांचं शिक्षण सुटलं त्यांच्यासाठीच ते निघालं, पण तिथे प्रमाणपत्र, पदविका, पदवी, म्हणजे महिने आणि वर्षं. दुसऱ्या टोकाला व्याख्यानं. वसंत व्याख्यानमाला गोदाघाटावर भरते, पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या (कॉलेजबाहेरच्या लोकांसाठी असतो तो) व्याख्यानमाला गावोगाव होतात. ऐकायला आपल्याकडे तोटा नाही हो. तीनशे माणसं सतरंजीवर बसून दीड तास ऐकतील. हात चालवायचा म्हटलं की मधली जागा रिकामी. ती भरली खाजगी क्लासवाल्यांनी, कुणी बरी, कुणी तुम्ही बघितलीत तशी.

आणि एक तक्रार आमच्या वयाची. बहुतेक कार्यशाळा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बसायला जमिनीवर गाद्या. माझे गुडघे ७१ वर्षांचे आहेत. जाहिरातीत 'वयाची अट नाही' लिहितात, जिन्याचं लिहीत नाहीत.

---

मिसळसम्राट | रविवार, सकाळी ९.५१

रविवारी सकाळी साडेनऊला तुम्ही सगळे धाग्यावर? पापड थंड होतोय, उठा.

---

बोरू | रविवार, दुपारी १२.१५

मोडी लिपी सुचवतो. वर्षातून दोन-तीनदा कुठे ना कुठे एका दिवसाचा परिचयवर्ग असतो, फी किरकोळ.

दिवसभरात काय होतं ते सांगतो. पहिल्यांदा कागदावर आडवी रेघ ओढतात, डावीकडून पार उजवीकडे. देवनागरीत आपण अक्षर काढून डोक्यावर रेघ देतो, मोडीत आधी दोरी बांधायची मग कपडे वाळत घालायचे. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. दुपारपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येतं आणि माणूस हवेत जातो. तीन वाजता सर जुना कागद समोर ठेवतात, मग खाली येतो. कारण किरटं अक्षर, प्रत्येक कारकुनाची लकब वेगळी, आणि वर फारसी शब्द.

कागद सरसर वाचायला वर्षभर तरी सराव हवा. पण काम आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. जमिनीची, वतनाची जुनी कागदं घेऊन लोक येतातच. मी रोज संध्याकाळी एक पान लिप्यंतर करतो, चार पैसे मिळतात. एका दिवसाच्या वर्गाने काम मिळवून दिलं नाही, पण त्या दिवशी मला कळलं की या अक्षरांचा मला कंटाळा येत नाही. आमच्या बॅचचे तीस होते, पुढच्या वर्गाला चार आलो.

---

साखरपाक | रविवार, दुपारी २.४०

मी घरून केक-चॉकलेटची ऑर्डर घेते, सिडकोत. त्यामुळे 'एका दिवसात चॉकलेट, घरबसल्या व्यवसाय' यावर बोलायचा हक्क आहे.

त्या वर्गात शिकवतात ते बहुतेक वेळा कंपाउंड चॉकलेट. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. वितळवा, साच्यात ओता, फ्रीजमध्ये ठेवा, झालं. वाईट नाही, लहान मुलांना आवडतं, पण हे एका दिवसाचं काम नाही, अर्ध्या तासाचं आहे. खऱ्या चॉकलेटला टेंपरिंग लागतं. आधी पूर्ण वितळवायचं, मग खाली थंड करायचं, मग डार्क असेल तर ३१-३२ अंशांवर आणून काम करायचं. ते चुकलं की वर पांढरट डाग येतात आणि तोडताना 'टक्' आवाज येत नाही. नाशकात मे महिन्यात स्वयंपाकघरच छत्तीसला असतं. मी त्या दिवसांत ऑर्डरच घेत नाही.

आणि व्यवसायाचं म्हणाल तर वर्गात कुणीच सांगत नाही ते हे: एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घरगुती विक्रीलाही लागते, खोक्यावर घटक आणि तारीख लिहावी लागते, आणि ओळखीतले पहिले दहा जण 'आपल्यातच ना' म्हणून पैसे देताना हसतात. यावर कुणीतरी एक दिवसाची कार्यशाळा घ्या, मी पहिल्या रांगेत.

---

खडूस_आत्या | रविवार, दुपारी २.५८

+१. शेवटच्या वाक्याला +१००.

---

आवाज_कुणाचा | रविवार, रात्री ८.१५

व्हॉइसओव्हरचंही तेच. 'तुमचा आवाज छान आहे' असं नातेवाइकांनी सांगितलेली दहा माणसं एका खोलीत. संध्याकाळी प्रत्येकाला 'डेमो रील', म्हणजे आवाजाचा नमुना, देतात आणि वाटतं आता फोन वाजणार. मी अधूनमधून डबिंग करतो. फोन वाजायला तीन वर्षं लागली, आणि आता छोट्या जाहिराती यंत्राच्या आवाजात उरकतात.

पण एका दिवसात एक गोष्ट पक्की मिळू शकते, ती म्हणजे कान. 'चार चाकं' एवढं मोठ्याने म्हणा. पहिला च तालव्य, दुसरा दंत्य. आता 'चार' आणि 'चारा'. जन्मभर बरोबर बोलत आलेला माणूस माईकसमोर कागद धरला की हे चुकतो, कारण तो बोलत नाही, वाचतो. आम्ही दिवसभर वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद वाचला, रेकॉर्ड केला, ऐकला. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून एक काका म्हणाले, "हा माझा मेहुणा बोलतोय."

स्टुडिओ लागत नाही. गोधड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोला, खोली घुमत नाही.

---

प्रवासी_पक्षी | सोमवार, सकाळी ६.१०

पक्षीनिरीक्षण घ्या ना कुणी. निफाडजवळचं नांदूरमध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी सातला उभं राहायचं. शिकायचं ते इतकंच: आधी आकार आणि चाल बघा, रंग शेवटी, कारण सकाळच्या उजेडात रंग फसवतो. दुर्बीण विकत घेऊ नका, पहिल्या दिवशी मागून घ्या. थर्मास मात्र स्वतःचा.

---

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ११.२०

किती लिहिलंत सगळ्यांनी! एक वही घेऊन बसले, तर वहीवरूनच आठवलं. लहानपणी बाबा दिवाळी अंक बांधून घ्यायचे, चार-चार अंकांचा एक गठ्ठा, निळं कापड, पाठीवर साल. पुस्तकबांधणी शिकवतं का कुणी? हे एका दिवसात बसेल असं वाटतंय.

---

जुनं_नाशिक | सोमवार, दुपारी ४.००

सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, या गावात पुस्तकं बांधणारे हात तेव्हापासून असणारच. आता मोजकेच उरलेत. मेनरोडच्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, वकिलांच्या फायली आणि ग्रामपंचायतींची रजिस्टरं बांधतात. 'कार्यशाळा' हा शब्द त्यांना माहीत नाही. पण दोन-तीन माणसं मिळून गेलात आणि त्यांचा दिवसाचा रोज दिलात तर शिकवतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. गाडी नेऊ नका, सिंहस्थाच्या कामांनी सगळं खोदलंय, सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरून चालत जा.

---

गोदाकाठची | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.४५

धागा वर काढतेय. जाऊन आले! मी, चाकावरची (हो, आम्ही भेटलो) आणि तिची भाची.

दुकान म्हणजे दहा बाय बारा, अर्ध्या जागेत लोखंडी दाबयंत्र. काकांनी आधी कागद दिला नाही, नुसतं 'वाकवून बघा' म्हणाले. कागदाला धार असते, लाकडाला असते तशी. एका बाजूने सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. घडी नेहमी धारेच्या बाजूने घालायची, नाहीतर वही कधी सपाट उघडत नाही. ५४ वर्षं कागदात काढली, बँकेत तर ढिगाने, आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग घड्या घालून फर्मे, म्हणजे पानांचे छोटे जुडगे केले, दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने जुजबंदी, म्हणजे ते फर्मे एकमेकांना शिवणं. दोरा ओढताना वर नाही ओढायचा, पाठीच्या रेषेत ओढायचा, वर ओढला की कागद फाटतो. माझा दोनदा फाटला. काका काही बोलले नाहीत, फक्त माझं मनगट धरून खाली केलं. एवढीच त्यांची शिकवणी. तिसऱ्या वेळी हाताला आपोआप कळलं.

खळ मैद्याची, शिजवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. (मोरचूद विषारी असतं, स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका!) मग अस्तर, पुठ्ठा, कापड. पाच वाजता वही तयार, पण ओली. 'आज उघडायची नाही, रात्रभर वजनाखाली' म्हणाले. घरी आणून पाट्याखाली ठेवली, वर वरवंटा. रात्री दोनदा उठून बघितलं, उघडली मात्र नाही.

तिघींचे मिळून दिवसाचा रोज आणि साहित्य, माणशी ७०० पडले. प्रमाणपत्र नाही. पुढचा कोर्स नाही. "काकूंना धंदा करायचाय का?" असं त्यांनी विचारलं, मी नाही म्हटलं, तर म्हणाले बरं केलंत, यात पैसा नाही.

---

दूरदेशी | रविवार, रात्री १०.२०

वाचून इथे बसल्या बसल्या खळीचा वास आला.

---

सातपूरकर | सोमवार, रात्री १२.०५

ताई, पुढच्या बॅचला माझं आणि बायकोचं नाव लिहा. माझी सुट्टी मंगळवारी असते, चालेल का विचारा. जाता जाता, ती वाटी तेव्हा आली होती भट्टीतून. गळत नाही. बायको त्यात मीठ ठेवते.

---

निवृत्त_पण_जागा | सोमवार, सकाळी ८.३०

जिना आहे का तिथे?

---

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ८.४१

नाही काका, रस्त्यालगत आहे, बसायला स्टूल. मंगळवारचं विचारते.

आणि हो, अति उत्साहात काल सासूबाईंची पोथी बांधायला घेतली. रोज वाचून अकरावा अध्याय तेवढा सुटा झालेला. सगळा शिवला, खळ लावली, पाट्याखाली ठेवला. आज सकाळी उघडून दिला तर अकरावा अध्याय उलटा! सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाल्या, "असू दे, तो मला पाठ आहे." दुपारी सगळी शिवण उसवायला बसतेय.